सेकंड हँड डिझेल एसयूव्ही: मॅन्युअल घ्यावी की ऑटोमॅटिक?

घोडबंदर रोडवर मेट्रो ४ चं काम सुरू झाल्यापासून कासारवडवली ते माजिवडा हा पट्टा डाव्या पायाचा व्यायाम होऊन बसलाय. हिशोब सोपा आहे. तुंबलेल्या रांगेत गाडी एका दमात दहा-बारा मीटर सरकते. म्हणजे किलोमीटरला ऐंशीच्या वर वेळा क्लच दाबायचा, अर्धा सोडायचा, परत दाबायचा. तीन किलोमीटरचा जाम लागला की एका फेरीत अडीचशे वेळा. संध्याकाळी परत येताना तेवढंच.

त्यामुळे ठाण्यात किंवा नवी मुंबईत वापरलेली डिझेल एसयूव्ही शोधणाऱ्याचा पहिला प्रश्न गिअरचाच असतो, आणि त्याला दोन तयार उत्तरं मिळतात. एक म्हणतो, ‘ऑटोमॅटिकच घे, सुखात राहशील.’ दुसरा म्हणतो, ‘त्या नादाला लागू नकोस, गिअरबॉक्स गेला की गाडी फुंकून टाकावी लागते.’ दोघंही नव्या गाडीच्या हिशोबानं बोलतात. जुनी गाडी घेताना मात्र आधीच्या मालकानं कुठला भाग किती खाल्लाय, हे बघावं लागतं. मॅन्युअलमध्ये झीज क्लचमध्ये दिसते. ऑटोमॅटिकमध्ये ती तेलात लपते.

डिझेलमुळे प्रश्न का वाढतो?

टॉर्क म्हणजे पिळाची ताकद. घट्ट बसलेला नट लांब दांड्याच्या पान्यानं पटकन सुटतो, तो या पिळामुळे. डिझेल इंजिन हा पीळ कमी फेऱ्यांवरच देतं (फेऱ्या म्हणजे इंजिन मिनिटाला किती वेळा फिरतं ते, अर्थात आरपीएम). २०२० नंतरच्या क्रेटाचं १.५ लिटरचं साधं पेट्रोल इंजिन १४४ न्यूटन-मीटर देतं, तेही ४,५०० फेऱ्यांना. त्याच गाडीचं १.५ डिझेल १,५०० फेऱ्यांनाच २५० देतं. हॅरिअरमध्ये हा आकडा ३५० आहे.

एवढा पीळ न घसरता पकडायचा तर क्लचची स्प्रिंग कडक लागते. डिझेलचा पेडल जड लागतो तो म्हणूनच. आणि अर्धवट दाबलेल्या क्लचमध्ये हा सगळा पीळ घासणीत जातो, त्याची उष्णता होते, प्लेट झिजते.

मॅन्युअलमध्ये नक्की काय झिजतं

इंजिनला जोडलेलं फ्लायव्हील हे एक तबक, गिअरबॉक्सकडे जाणारी क्लच प्लेट हे दुसरं. प्रेशर प्लेट या दोघांना चिकटवून धरते आणि पेडल दाबला की रिलीज बेअरिंग ती पकड सोडवतं. पेडल पूर्ण वर किंवा पूर्ण खाली असताना झीज जवळपास नसते. जे काही होतं ते मधल्या ‘हाफ क्लच’मध्ये. म्हणून नुसते किलोमीटर बघून क्लचचं वय कळत नाही. नाशिक-पुणे फिरलेल्या गाडीची प्लेट लाखभर किलोमीटर सहज जाते, तर रोज जाममध्ये अडकणाऱ्या, त्यातही पेडलवर पाय ठेवून चालवलेल्या गाडीची चाळीस-पन्नास हजारांतही जाते.

बऱ्याच मोठ्या डिझेल गाड्यांत आणखी एक महागडा भाग असतो, ड्युअल मास फ्लायव्हील. यात फ्लायव्हीलचे दोन भाग मध्ये स्प्रिंगा घालून जोडलेले असतात, म्हणजे डिझेलचे ठोके गिअरबॉक्सपर्यंत पोचत नाहीत. या स्प्रिंगा सैल झाल्या की गाडी बंद करताना खळखळ वाजते. अशा वेळी क्लच सेटपेक्षा फ्लायव्हीलचंच बिल मोठं येतं, आणि विकणारा हमखास ‘फक्त प्लेट बदलायची आहे’ असं सांगतो.

प्लेट बदलायला गिअरबॉक्स उतरवावा लागतो. उतरवलाच आहे तर प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग तिन्ही बदलून घ्यावं. पेडलचा दाब बेअरिंगपर्यंत पोचवणारा स्लेव्ह सिलिंडर आत बसवलेला असेल तर तोही. बेअरिंगचे पैसे वाचवले आणि ते सहा महिन्यांनी ओरडायला लागलं, की तीच मजुरी परत.

‘ऑटोमॅटिक’ या एका नावाखाली तीन वेगळ्या गोष्टी

जाहिरातीत सगळ्यांना ऑटोमॅटिकच म्हणतात, आणि इथेच फसगत होते.

पहिला प्रकार टॉर्क कन्व्हर्टर. एका पातेल्यात ताक आहे आणि त्यात दोन रव्या आहेत अशी कल्पना करा. एक घुसळली की ताक फिरतं, आणि फिरणाऱ्या ताकानं दुसरी फिरायला लागते. दुसरी हातानं धरून ठेवली तरी पहिली मोडत नाही, फक्त ताक तापत जातं. इथे पहिली रवी इंजिन, दुसरी गिअरबॉक्स, आणि ताक म्हणजे गिअरबॉक्सचं तेल. सिग्नलला ब्रेकवर पाय ठेवून ‘डी’मध्ये उभं राहता येतं ते यामुळे. गाडी वेगात आली की लॉक-अप क्लच दोन्ही रव्या एकत्र बांधून टाकतो, म्हणजे ताकात ताकद वाया जात नाही. क्रेटा, सेल्टॉस, सोनेट, एक्सयूव्ही ५०० आणि ७००, स्कॉर्पिओ-एन, हॅरिअर, सफारी, फॉर्च्युनर या डिझेल ऑटोमॅटिक गाड्या याच जातीच्या.

दुसरा प्रकार एएमटी. हा मॅन्युअल गिअरबॉक्सच असतो; फक्त क्लच दाबायला आणि गिअर टाकायला यंत्राचा हात-पाय लावलेला असतो, त्याला अ‍ॅक्च्युएटर म्हणतात. डिझेल नेक्सॉन, एक्सयूव्ही ३००, जुनी विटारा ब्रेझा, डस्टर, टीयूव्ही ३०० यांत हा मिळतो. तुमचा पाय मोकळा होतो, क्लच प्लेट मात्र तेवढीच झिजते. रांगेत ब्रेक सोडल्यावर गाडी हळूहळू सरकते तेव्हा आत तोच हाफ क्लच चालू असतो.

तिसरा डीसीटी किंवा डीएसजी, म्हणजे दोन क्लचचा: एक विषम गिअरांसाठी, एक सम. वापरलेल्या डिझेलमध्ये तो मुख्यतः टिग्वान, कोडिअ‍ॅक अशा वरच्या गाड्यांत दिसतो. चालवायला मजा, बिघडला तर खर्चिक. बजेट ताणून घेत असाल तर इथे थांबा.

गाडी बघताना ओळखायची खूण सोपी आहे. गिअरच्या दांड्याशेजारी ‘पी’ नसेल, नुसतं आर, एन आणि डी किंवा ए असेल, तर ती एएमटी. विकणारा काहीही म्हणो.

मग ठाण्यासाठी कुठली?

रोजचा प्रवास घोडबंदर, ठाणे-बेलापूर रस्ता किंवा शिळफाट्यावरून असेल आणि सर्व्हिसचा कागदोपत्री इतिहास मिळत असेल, तर टॉर्क कन्व्हर्टर घ्यावा. इतिहास नसेल तर मॅन्युअल घ्यावी, कारण तिचा बिघाड ट्रायलमध्येच सापडतो आणि हजारांत निस्तरतो. कन्व्हर्टर गिअरबॉक्स उघडावा लागला तर आकडा लाखात जातो. एएमटी तिसऱ्या क्रमांकावर, आणि तीही क्लच बदलल्याचं बिल हातात असेल तर.

एएमटीला मागे ठेवण्यामागे आपल्याकडचं एक खास कारण आहे: टॉवरचं पोडियम पार्किंग. तिसऱ्या मजल्यावर जाणारा गोल रॅम्प, पुढे एक गाडी अडकलेली, आणि चालवणारा ब्रेकऐवजी अ‍ॅक्सिलरेटरवर गाडी तोलून उभा. मॅन्युअलवाल्याला क्लचचा जळका वास येतो तेव्हा तो सावध होतो. एएमटीत पायाला काहीच जाणवत नाही, एकदम क्लच तापल्याचा इशाराच लागतो. हे दिवसातून दोनदा, पाच वर्षं झालं असेल तर प्लेटची अवस्था वेगळी सांगायला नको.

आणि तुमचा रोजचा फेरा जेमतेम पाच किलोमीटरचा असेल, तर एप्रिल २०२० नंतरची बीएस ६ डिझेल कुठल्याही गिअरबॉक्समध्ये घेऊ नका. तिच्या सायलेन्सरच्या वाटेवर काजळी अडवणारा डीपीएफ फिल्टर असतो. तो साफ व्हायला गाडी अधूनमधून पंधरा-वीस मिनिटं एकसलग वेगात पळावी लागते. गावदेवी ते पाचपाखाडी करून तो साफ होत नाही.

‘ऑटोमॅटिक बिघडलं की संपलंच’

बिघडतं, पण अचानक नाही. कन्व्हर्टर गिअरबॉक्सचं तेल तीन कामं करतं: ताकद पोचवणं, आतले क्लच दाबायला दाब देणं आणि थंड ठेवणं. जाममध्ये ते सतत तापतं, जुनं होतं, दाब कमी पडतो, आतले क्लच घसरायला लागतात. बरेच विक्रेते सांगतात की हे तेल ‘लाइफटाइम’ आहे, बदलावं लागत नाही. गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ कंपनी मात्र स्वतःच्या गिअरबॉक्ससाठी ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटर किंवा आठ वर्षांत तेल बदला असं सांगते. आपल्या जामसाठी ६० ते ८० हजारांवर बदललेलं बरं. जुन्या गाडीच्या बिलांत हीच एक ओळ शोधायची: एटीएफ, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल, बदलल्याची. इंजिन ऑइलची दहा बिलं तिची जागा घेऊ शकत नाहीत.

खालचा बोल्ट उघडला की सगळं तेल निघत नाही. बहुतेक सहा गिअरच्या बॉक्सांत निम्म्याच्या आसपास निघतं, बाकी कन्व्हर्टरमध्ये अडकून राहतं. म्हणून काढा-भरा ही क्रिया काही शे किलोमीटरच्या अंतरानं दोन-तीनदा करतात. तेल कंपनीनं सांगितलेल्या ग्रेडचंच हवं; ‘सगळ्याला चालतं’ असलं तेल इथे चालत नाही. पातळीही ठरावीक तापमानाला, गाडी सपाट लिफ्टवर आणि इंजिन चालू ठेवून तपासावी लागते. थंड गाडीत अंदाजानं ओतणारं गॅरेज टाळा.

‘लाखाच्या वर गेलेल्या गाडीचं तेल बदलू नये, गिअर घसरायला लागतात’ असंही ऐकू येतं. त्यात तथ्य एवढंच, की आतले क्लच आधीच संपलेले असतील तर त्यांचा भुगा मिसळलेल्या जुन्या तेलात थोडी पकड उरलेली असते आणि नव्या तेलात ती जाते. रोग आधीचाच असतो, तेल बदलल्यावर तो उघडा पडतो. गाडी नीट चालत असेल तर काढा-भरा पद्धतीनं बदलायला हरकत नाही, फक्त मशीननं दाब देऊन फ्लश करू नये. आणि आताच घसरत असेल तर ती गाडी मुळात घ्यायचीच नाही.

ट्रायल कशी मारायची

गाडी थंड असतानाच बघा. विकणाऱ्याला आधी फोन करून सांगा, चालू करून ठेवू नका. पोचल्यावर बॉनेटला हात लावा. गरम लागला तर चहा पिऊन या किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी जा.

मॅन्युअलमध्ये आधी काच खाली करून, एसी-टेप बंद करून इंजिन चालू करा. क्लच न दाबता घरघर येते आणि दाबल्यावर थांबते, तर गिअरबॉक्सच्या पुढच्या शाफ्टच्या बेअरिंगवर संशय घ्या. उलट दाबल्यावरच आवाज सुरू होत असेल तर रिलीज बेअरिंग. मग इंजिन बंद करताना कान द्या. शेवटच्या अर्ध्या सेकंदात डबा हलवल्यासारखी खळखळ आली तर ड्युअल मास फ्लायव्हील. थंड गाडीत सेकंडला टाकताना कर्रकर्र होत असेल तर सिंक्रो, म्हणजे गिअर लागताना दोन्ही चक्रांचा वेग जुळवणारी कडी, झिजलाय.

प्लेट घसरते का ते चढावर कळतं. माजिवड्याच्या किंवा कुठल्याही मोकळ्या उड्डाणपुलावर चढताना फोर्थमध्ये ताशी ४०-५० ला अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबा. टर्बो जागा होतो तिथे, १,८००-२,००० फेऱ्यांच्या आसपास, नजर आरपीएमच्या काट्यावर हवी. काटा टुणकन वर उडाला आणि गाडीचा वेग तिथेच राहिला, तर प्लेट संपलीय. ‘क्लच वर उचलतो का’, म्हणजे पेडल बराच वर आल्यावरच गाडी हलते का, ही जुनी परीक्षा तेलाच्या दाबावर चालणाऱ्या हायड्रॉलिक क्लचमध्ये दर वेळी लागू पडत नाही. त्यापेक्षा पेडल त्याच मॉडेलच्या दुसऱ्या गाडीपेक्षा जड लागतो का, ते बघा.

कन्व्हर्टरमध्ये ब्रेक दाबून ‘पी’तून ‘आर’, मग ‘डी’ टाका. गिअर लागायला एक-दीड सेकंदापेक्षा जास्त वेळ, किंवा मागून कुणी ढकलल्यासारखा धक्का, दोन्ही वाईट. चालवताना गिअर बदलताना आरपीएम आधी वर जाऊन मग खाली येतो का, ते बघा. मग पाम बीच रोडसारख्या सरळ रस्त्यावर ६० च्या आसपास हलक्या पायानं गाडी धरून ठेवा. रस्त्यावरच्या पांढऱ्या रम्बलर पट्ट्यांवरून गेल्यासारखी बारीक थरथर आली, आणि पाय किंचित जास्त दाबल्यावर ती गेली, तर लॉक-अप क्लच खराब. टायरमुळे येणारी थरथर पाय दाबून जात नाही.

एवढ्यावर थांबू नका. तीस-चाळीस मिनिटं चालवून, गाडी पूर्ण तापल्यावर ‘आर’ आणि ‘डी’ची परीक्षा परत घ्या. तापल्यावर तेल पातळ होतं आणि झिजलेल्या सीलमधून दाब निसटतो. सकाळी शहाण्यासारखी वागलेली गाडी दुपारी धक्के देते ती यामुळे. दहा मिनिटांची ट्रायल देणारे हे बरोबर ओळखून असतात.

शेवटी स्टीअरिंगखालच्या सॉकेटला ओबीडी स्कॅनर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरनं नोंदवलेले बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र, लावून घ्या. ‘पी ०७००’ म्हणजे गिअरबॉक्सच्या कंट्रोलरनं काहीतरी तक्रार नोंदवलीय; ‘पी ०७४१’ म्हणजे लॉक-अप नीट लागत नाही. एकही कोड नसेल तर कोड पुसल्यापासून गाडी किती किलोमीटर चालली, हा आकडाही बघा. स्कॅनर तो दाखवतो. तो बारा किलोमीटर असेल तर आदल्या संध्याकाळी काय झालं ते समजून घ्या.

‘अ‍ॅव्हरेज मार खातो ना?’

खातो. क्रेटाच्या २०२४ च्या डिझेलचा कंपनीनं दिलेला आकडा मॅन्युअलला २१.८ आणि ऑटोमॅटिकला १९.१ किलोमीटर प्रति लिटर आहे. रस्त्यावर दोन्ही खाली येतात. समजा जाममध्ये मॅन्युअल १४ देते आणि ऑटोमॅटिक १२. वर्षाला १२ हजार किलोमीटरला ८५७ लिटर विरुद्ध १,००० लिटर. डिझेल ९० रुपये धरलं तर फरक साधारण १२,८०० रुपये, महिन्याला हजाराच्या थोडा वर. त्यासमोर दर तीन-चार वर्षांनी येणारा क्लच सेट ठेवला तर फरक आणखी आटतो. हा मुद्दा लोक उगाच मोठा करतात.

‘घाटात दम टाकते’

आकडे उलटं सांगतात. २०२१ नंतरच्या फॉर्च्युनर डिझेलला मॅन्युअलमध्ये ४२० न्यूटन-मीटर आणि ऑटोमॅटिकमध्ये ५०० मिळतात. एक्सयूव्ही ७०० मध्ये ४२० आणि ४५०. म्हणजे जास्तीचा पीळ कंपनीनंच ऑटोमॅटिकच्या हवाली केलाय.

गडबड उतारावर होते. कसारा किंवा माळशेज उतरताना लोक ‘डी’मध्ये नुसत्या ब्रेकवर येतात, ब्रेक तापतात आणि दोष गिअरबॉक्सला मिळतो. दांडा मॅन्युअल मोडमध्ये घ्या, सेकंड किंवा थर्ड धरा आणि इंजिनला गाडी अडवू द्या. ‘एन’वर घाट उतरणं दोन्ही प्रकारांत धोक्याचंच.

चढ-उतारावर उभी करतानाही क्रम महत्त्वाचा: ब्रेक, मग ‘एन’, मग हँडब्रेक ओढून पायाचा ब्रेक सोडायचा म्हणजे वजन हँडब्रेकवर बसतं, आणि सगळ्यात शेवटी ‘पी’. थेट ‘पी’ टाकून सोडलं तर दोन टनांच्या आसपासची गाडी गिअरबॉक्सच्या बोटभर खिळीवर लटकते. निघताना ‘खट्’ असा आवाज येतो तो तिचा.

एक तोटा मात्र खरा आहे: बॅटरी उतरली तर ऑटोमॅटिकला धक्का स्टार्ट नाही, आणि बंद पडली तर दोरी बांधून ओढायची नाही, फ्लॅटबेडच बोलवायची.

पाण्यातली गाडी आणि दिल्लीची गाडी

पावसाळ्यात वंदना डेपोसारख्या सखल भागात पाणी भरतं, तेव्हा तिथल्या गाड्यांच्या गिअरबॉक्सच्या ब्रीदरमधून, म्हणजे हवा ये-जा करायच्या भोकातून, पाणी आत जाऊ शकतं. मॅन्युअलमध्ये गिअर ऑइल वेळीच बदलून सुटका होते. कन्व्हर्टरमध्ये आतल्या क्लचचं अस्तरच सुटायला लागतं. लिफ्टवर तपासणीचा बोल्ट थोडा सैल करून थेंबभर तेल पांढऱ्या कागदावर घ्या. लालसर किंवा फिकट तपकिरी ठीक. काळं आणि जळका वास, तर नको. गुलाबी आणि स्ट्रॉबेरी मिल्कशेकसारखं दुधाळ असेल तर आत पाणी किंवा कूलंट गेलंय. भाव करत बसू नका, निघा.

दिल्ली परिसरात दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर निर्बंध आल्यापासून तिकडच्या मोठ्या ऑटोमॅटिक एसयूव्ही इकडे स्वस्तात दिसतात. एनओसी, महाराष्ट्राचा रोड टॅक्स आणि एमएच ०४ किंवा ४३ चं नवं पासिंग धरून किंमत मांडा, मग स्वस्ताई कितपत उरते ते बघा. शिवाय मुंबई महानगर प्रदेशातल्या पेट्रोल-डिझेल गाड्यांचं पुढे काय करायचं याचा अभ्यास करायला राज्य सरकारनं जानेवारी २०२५ मध्ये समिती नेमलेली आहे. आठ वर्षांच्या डिझेलमध्ये गिअरबॉक्सवर लाख-दोन लाख घालताना ते किती वर्षांत वसूल होणार, हाही हिशोब त्यामुळे करावाच लागतो.

टोकन देण्याआधी एक काम करा. गाडीचा चासी नंबर घेऊन अधिकृत सर्व्हिस सेंटरला जा आणि दोन लेखी अंदाज मागा. मॅन्युअल असेल तर क्लच सेट आणि फ्लायव्हीलचा, ऑटोमॅटिक असेल तर एटीएफ बदलण्याचा आणि कन्व्हर्टरचा. भाव करायला बसताना तो कागद टेबलावर ठेवा.